राहीच्या नावेतला शीण

एक होती नदी. नदीवर पूल नव्हता, म्हणून होती एक नाव. आणि नाव होती म्हणून होती राही. राही भोईण. आता गोष्ट सुरू झालीय, तर ती पांघरुणाची ओढाओढ बंद करा. पाय आत घ्या. मीही आज दमलेय, दोनदा सांगणार नाही.

तर राही नाव हाकायची. आधी तिचा नवरा सुभान हाकायचा. पण त्याचा खांदा निखळला आणि नीट बसलाच नाही, तेव्हापासून वल्हं राहीच्या हातात आलं. अलीकडे यांचं गाव, पलीकडे बाजाराचं गाव. सकाळी माणसं जायची, दिवस कलला की परत यायची. डोक्यावर पाट्या, कडेवर पोरं, हातात कोंबड्या. नावेत आलं की जो तो फळीवर बसायचा आणि म्हणायचा, हुश्श. आणि उतरताना कसा ताजातवाना उतरायचा, बरं का. राहीला याचा फार अभिमान. माझ्या नावेतून माणूस हलका होऊन उतरतो, असं ती सगळ्यांना सांगायची. कुणी वल्ह्याला हात लावायला गेलं तर लावू द्यायची नाही. टेका तुम्ही, म्हणायची, दमून आलात.

मग काय झालं, हळूहळू राहीच दमायला लागली. तुम्ही दिवसभर हुंदडून दमता, तसलं दमणं नव्हे. ते चांगलं असतं, झोपलं की जातं. राहीचं दमणं जाईचना. झोपून उठली तरी दमलेली. चूल फुंकायला बसली की वाटायचं, इथंच भिंतीला टेकावं. वेणी घालायला हात वर केला की अर्ध्यावरून खाली यायचा. पूर्वी शंभर वल्ह्यांत नदी पार व्हायची. ती दीडशेत होईना. मग दोनशेतही होईना.

एरवी तिनं हे कुणाला सांगितलंही नसतं. तुमची आई सांगते का कधी? पण राहीची लेक सगुणा पलीकडच्या गावात दिली होती. तिला नववा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण सगुणेची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिला येता येईना. सुईण मात्र राहायची अलीकडे. तिला आधीच नेऊन ठेवावं, तर अलीकडेही दोन बायका अवघडलेल्या. मग असं ठरलं की सगुणेला कळा सुरू झाल्या की पलीकडच्या काठावर शिंग वाजवायचं, आणि राहीनं सुईणीला घेऊन जायचं. नदी तर तुडुंब भरलेली. मधल्या धारेत आपले हात गळाले तर? या एका विचारानं राहीला घास गोड लागेना. म्हणून तिनं मनाशी ठरवलं, शिंग वाजायच्या आत आपण का दमतो ते शोधून काढायचं.

मग एक दिवस नावेत आला एक वैदू. खांद्यावर झोळी, झोळीत मुळ्या. राहीनं त्याला विचारलं. त्यानं तिची खालची पापणी ओढून बघितली. नखं बघितली. जीभ काढायला लावली. मग त्यानं विचारलं, बाई, तू जेवतेस कधी? राही म्हणाली, सगळ्यांचं झाल्यावर. मग त्यानं विचारलं, तोवर उरतं काय? उरायचं काय, भाकरीचा करपलेला काठ आणि कालवणातलं पाणी. वैदू म्हणाला की तुझं रक्त ताकासारखं पातळ झालंय. नाचणीची भाकरी खा, शेवग्याचा पाला खा, तीळ-गूळ खा, आणि सगळ्यांबरोबर बसून गरम गरम खा.

राहीला पहिल्या पंगतीला बसायची लाज वाटायची. चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं. पण सगुणेसाठी तिनं खाल्लं. पंधरा दिवसांत नखांवर लाली आली. घाटाची चढण चढताना लागायची ती धाप गेली. थोडं बरं वाटलं. पण दमणं काही गेलं नाही.

मग सुभाननं बायकोकडे नीट बघितलं. नवऱ्यांना थोडा वेळ लागतो. तो म्हणाला, "राही, तू निजतच न्हाईस. एक कान काठावर ठेवून पडतीस नुसती."

खरंच होतं ते. पलीकडून कुणी कधी नावेसाठी हाक मारील, म्हणून राहीचा एक कान कायम जागा. सुभान म्हणाला, माझा खांदा गेलाय, कान शाबूत आहेत. आणि आपली बाज उचलून त्यानं काठावर नेऊन टाकली. पहिले चार दिवस राही सवयीनं जागीच राहिली. मग दोन्ही कानांनी झोपली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट झाली. आणखी थोडं बरं वाटलं. पण वल्हं हातात घेतलं की ते जडच्या जड.

तेव्हा मात्र राही रडली. खाऊन झालं, झोपून झालं, आता आणखी काय करू? आपणच आळशी, आपल्याच अंगात काही दम नाही, असं तिला वाटायला लागलं. माणूस फार दिवस दमलेलं असलं ना, की स्वतःलाच नावं ठेवायला लागतं. ऐकताय ना? की झोपलात? बरं.

मग एका सकाळी सुईण गोजराबाई म्हणाली की पलीकडे जाऊन सगुणेचं पोट एकदा बघून येते. नावेत दोघीच. राहीनं नाव ढकलली. गोजराबाई कडेला वाकून पाण्यात हात घालायला गेली, तर पाणी नावेच्या वरच्या फळीला टेकलेलं. दहा माणसं बसली की टेकावं तसं. गोजराबाई सरळ झाली. तिनं नावेच्या तळावर हात ठेवला, बाईच्या पोटावर ठेवते तसा, आणि डोळे मिटले.

मग म्हणाली, "राही, दोष तुझ्यात न्हाई गं. ही नाव भरलेली हाय."

त्या तशाच मागं फिरल्या. काठाला येऊन तळाच्या फळ्या उचकटल्या. आणि आत काय? गाठोडी. एकावर एक, एकावर एक, ठासून भरलेली. राखाडी रंगाची, ओल्या गोधडीसारखी जड. आणि बरं का, ती गाठोडी घोरत होती.

तो होता सगळ्या गावाचा शीण. बसल्या बसल्या लोक हुश्श म्हणायचे ना, तो शीण फळ्यांच्या फटींतून खाली जायचा आणि तिथंच राहायचा. माणसं हलकी होऊन घरी जायची, आणि राही त्यांचा शीण रोज या काठाहून त्या काठाला, त्या काठाहून या काठाला ओढत राहायची.

राहीनं एक गाठोडं उचललं आणि दिलं नदीत टाकून. तर तिथलं पाणीच मंदावलं. मासे वर येऊन जांभया द्यायला लागले. फांदीवरचा खंड्या डुलकी लागून पाण्यात पडला. गोजराबाईनं घाईघाईनं बांबूनं गाठोडं काठाला ओढलं. म्हणाली, नदीच दमली तर कसं व्हायचं? ज्याचा शीण त्यानंच झोपून घालवायचा. दुसऱ्याला तो ओढता येतो, जिरवता येत नाही.

आणि तेवढ्यात पलीकडे शिंग वाजलं.

नाव अशी भरलेली आणि लेक तिकडे कळा देतेय. गाठोडी उपसायची तर गावाला बोलवायला हवं. आणि राहीनं जन्मात कुणाला कामाला बोलवलं नव्हतं. तिनं गोजराबाईकडे बघितलं. गोजराबाई म्हणाली, मी हाक मारायची न्हाई, नाव तुझी हाय.

शिंग दुसऱ्यांदा वाजलं. तेव्हा राही ओरडली, "या रं समदी. आपापला शीण घेऊन जावा. मला माझ्या लेकीकडं जायचंय."

माणसं धावत आली. आता गाठोडं कुणाचं ते ओळखायचं कसं? घोरण्यावरून. तेल्याचं गाठोडं घाण्यासारखं करकरत होतं. पंतोजींचं झोपेत पावकीचा पाढा म्हणत होतं, आणि मधली एक ओळ गाळत होतं. पाटलीणबाई म्हणाल्या, माझं असलं काही नाही, मी कधी दमत नाही. तर त्यांचा आवाज ऐकून एका गाठोड्यानं बारीक शिट्टी घातली. पाटलीणबाईंनी ते पदराखाली घेतलं आणि कुणाकडे न बघता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी उठल्या म्हणे, आणि कित्येक दिवसांनी सुनेशी गोड बोलल्या.

नाव एकेक फळी वर आली. तळाशी एकच गाठोडं राहिलं. सगळ्यांच्या खाली दबलेलं, चपटं झालेलं. ते घोरत नव्हतं. कुणी म्हणेना ते माझं.

गोजराबाई म्हणाली, हे जागं आहे.

राहीनं ते उचललं. त्याला धुराचा आणि नदीच्या पाण्याचा वास होता. मग तिला कळलं. तिनं ते छातीशी धरलं आणि वल्ह्याकडे गेली. पण तेल्यानं आपलं गाठोडं काठावर ठेवून वल्हं आधीच उचललं होतं. दुसऱ्या वल्ह्यावर बसला कुंभार. राही म्हणाली, तुम्हाला कशाला त्रास. तेली म्हणाला, बसा वैनी.

राही बसली. आपल्याच नावेत, माणसं बसतात त्या फळीवर, जन्मात पहिल्यांदा. तिचे डोळे मिटायला लागले. ती ते ताणून ताणून उघडत होती. लेकीच्या वेळेला आईनं झोपायचं असतं का? पण गोजराबाई तिच्या शेजारी सरकली आणि म्हणाली, "तू जागी राहिलीस म्हणून लेकरू लवकर येत नसतंय. नीज."

राही जागी झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती सगुणेच्या ओसरीवर होती. लोकांनी उचलून आणून ठेवलं होतं. हातातलं गाठोडं कुठंच नव्हतं. ती धडपडत आत गेली, तर सगळं होऊन गेलेलं. सगुणा बाजेवर निजलेली, आणि कुशीत इवलीशी नात.

राही दारातच खाली बसली आणि रडायला लागली. तुला माझी गरज होती आणि मी झोपले, असं म्हणायला लागली. लेकीपुढे तिची मान वर होईना.

सगुणा म्हणाली, "आई, तुझं घोरणं आत ऐकू येत होतं. माझी आई कधी निजत न्हाई. आज बिनघोर निजलीय, म्हंजी समदं नीट हाय, असं वाटलं. मग मला भ्याच वाटलं न्हाई."

मग राहीनं नातीला घेतलं. पुढं तेलीही वल्हं मारायला लागला, कुंभारही मारायला लागला. उतरताना जो तो आपला शीण आपल्याबरोबर घरी न्यायला लागला. राही परत कधी दमली नाही असं नाही. दमायची, पण झोपली की दमणं जायचं. अशी सगळी सुखानं राहिली, आणि आपापल्या अंथरुणात आपापली झोपली.

चला, झाली गोष्ट. तुमचा शीण मला देऊ नका, माझा मला पुरे आहे. तिकडे तोंड करा आणि डोळे मिटा. मीही पडते आता.