पुरात गेलेली मुदत

“...पण बाबा, जन्मभर एकाच बाजूनं भांडलेल्या माणसाला न्याय देता येईल का?”

शिवगीर बाबा मठाच्या ओट्यावर घोंगडीवर बसले होते.

विचारणारे होते भालचंद्र डहाके. तारुण्यापासून सरकारी वकील. सरकारवर दावा लावणाऱ्या ठेकेदारांना हरवणं हे त्यांचं काम, आणि त्यात ते क्वचितच कमी पडले. आता त्याच ठेकेदारांची अपिलं ऐकायला सरकारनं त्यांना न्यायाधीश नेमलं होतं. सोमवारी खुर्चीवर बसायचं होतं. नेमणुकीचा हुकूम आल्यापासून त्यांची झोप उडाली होती.

“भितोस कुणाला?” बाबांनी विचारलं.

“शेंड्यांना.”

“कोण शेंडे?”

“बंधारा बांधणारा एक ठेकेदार. अपील करायला उशीर झाला होता. म्हणाला, पुरानं रस्ता बंद होता. मी म्हटलं, मुदत संपली आहे. तेवढ्यावर मी जिंकलो... तो बुडाला.”

“आता कुठं असतो?”

“वारला.”

“मग मेलेल्याला काय भ्यायचं?”



बाबा घोंगडीवरून उठले.

“बस इथं.”

“आपल्या आसनावर? नको, बाबा.”

“बस.”

डहाके अंग चोरून बसले. बाबा ओट्याखाली उतरले. मातीत उकिडवे बसले, हात जोडले.

“साहेब, पूर आला होता. रस्ता बंद होता.”

“बाबा, असं नका करू...”

“पाणी छातीला लागत होतं, साहेब. ऐकून तरी घ्या.”

“मुदत संपली आहे.”

शब्द आपोआप निघाले होते. शांत, सरावाचे.

ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. तरी डहाक्यांनी मागं वळून पाहिलं.

...

ते धडपडत खाली उतरले आणि त्यांनी बाबांचे पाय धरले.

“मीच बोललो का, बाबा?”

“दुसरं कोण होतं?”

“तिथंही असंच बोलून जाईन मी. समोरचा माणूस दिसायच्या आधीच. हात जोडतो, ही भीती माझ्यातून काढून घ्या.”

बाबांनी त्यांना उठवलं.

“घेतो की. पण मग त्या खुर्चीत बसेल कोण?”