हौसाबाईंचा खुबा

"पण बाई, जे दिसतच नाही ते मी रिपोर्टमध्ये लिहू कसं?"

निशिकांतनं हातातला सोनोग्राफीचा प्रोब बाजूला ठेवला.

डॉक्टर दमयंती ओगले शेजारी बसून पडद्याकडे बघत होत्या. सोनोग्राफीच्या याच अंधाऱ्या खोलीत त्यांचे केस पिकले होते. शिकणारी मुलं त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

निशिकांत त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं. कृत्रिम खुबा बसवल्यावर भोवतालचं हाड कसं बदलत जातं, ते सोनोग्राफीनं पाहायचं, हा त्याचा अभ्यास होता.

टेबलावर हौसाबाई पडल्या होत्या. खुबा बदलून घेतला, तरी पाय टेकला की कळ मस्तकात जायची. एक्स-रे चांगला आलेला. लेक म्हणायचा, आई सोंग करते. आज इथंही काही निघालं नाही, तर...

"पुन्हा बघ," बाई म्हणाल्या.

त्यानं जेल लावलं. खोलवरचं दिसावं म्हणून सगळा भार देऊन प्रोब रोवला.

"डाक्तर, कणीक मळतायसा व्हय?" हौसाबाई कण्हल्या.

"जरा सोसा, मावशी. आतलं बघायचं तर दाबावं लागतं."

पडद्यावर हाडाची पांढरी कड दिसली. मांस तिला घट्ट चिकटलेलं. मध्ये काही नाही.

"बघा बाई, स्वच्छ आहे. दुखणं मनाचं असेल."

हौसाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाई उठल्या. निशिकांतच्या मनगटाखाली त्यांनी दोन बोटं घातली आणि त्याचा हात वर उचलला. अगदी किंचित. प्रोब आता जेलवर नुसता टेकलेला होता.

हाड आणि मांस यांच्यामध्ये हळूहळू एक काळी फट उघडली. आत पाणी साठलं होतं. त्या पाण्यामागे हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसत होती.

निशिकांतला खरं वाटेना. त्यानं दाबलं, फट मिटली. हात सैल केला, पुन्हा उघडली.

तो पडद्याकडे बघायचं सोडून बाईंच्या त्या दोन बोटांकडे बघत राहिला.

"घावलं का काय?" हौसाबाईंनी विचारलं.

"हो. खुब्याजवळचं हाड झिजतंय," बाई म्हणाल्या. "सर्जनना आजच दाखवू. यावर इलाज आहे."

"म्हंजे मी सोंग करत न्हाई?"

"नाही, हौसाबाई."

"मग माझ्या ल्योकाला तुमी सांगा. माझं त्यो ऐकत न्हाई..."

"मी सांगतो, मावशी," निशिकांत म्हणाला. त्यानं कापूस घेतला आणि त्यांच्या खुब्यावरचं जेल स्वतः पुसलं. हे काम तो एरवी नर्सवर सोडायचा.

मग खालच्या आवाजात विचारलं, "बाई, इतका वेळ हे होतं कुठं?"

बाई दिवा लावायला वळल्या होत्या.

"तुझ्या हाताखाली."