सरळ धाग्यांचं गोल जाळं

रांजणावर झाकण ठेवायची रीत पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका रिकाम्या रांजणात रेशी कोळिणीने अंडी घातली. मग रांजणाच्या गोल काठावर सहा टोकं धरून तिने एका टोकापासून शेजारच्या टोकापर्यंत सरळ धागे ओढले आणि आतली जागा चिकट जाळ्याने दाट भरली.

तेवढ्यात गांधीलमाशी आली. "अगं, धागा सरळ अन् काठ गोल! कडेला सहा फटी राहिल्यात. संध्याकाळी येते अंडी खायला."

रेशी हातपाय गाळून बसली नाही. प्रत्येक फटीच्या मधोमध तिने काठावर नवं टोक धरलं, तिथून दोन्हीकडच्या टोकांपर्यंत धागे ओढले आणि मधला त्रिकोण भरला. फटी बारा झाल्या, पण अरुंद. तिने पुन्हा तसंच केलं. आता चोवीस झाल्या, अगदी चिंचोळ्या.

संध्याकाळी माशी काठाभोवती घिरट्या घालून दमली. "फटी अजून आहेतच की!" ती चिडून म्हणाली.

"आहेत, आणि राहणारच," रेशी ठसक्यात म्हणाली. "पण तुला शिरता येईल अशी एक दाखव."

माशी भणभणत निघून गेली. रेशीने जाळ्यावर एक फेरी मारली. सरळ धाग्यांचं इतकं गोल जाळं आजवर कुणीच विणलं नव्हतं, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं.