सातवी गिटार

जंगलातले प्राणी गाण्याबजावण्याला वेळ काढत, त्या काळातली ही गोष्ट. एका साळिंदराच्या बिळात सात उंची गिटारी टांगलेल्या होत्या. आपल्या काट्यांनी ओरखडा उठेल, या धास्तीने तो त्या वाजवायचा नाही, नुसता फडक्याने पुसायचा.

सातवी मात्र तडकलेली होती. सुतारपक्ष्याने आतून पट्टी लावून ती अशी सांधली, की आवाज पहिल्यासारखा घुमू लागला. तरी साळिंदराच्या डोळ्यांना ती रेघ सलायची. शेवटी त्याने ती विकायला काढली.

माकडीण ती घ्यायला आली. मधाचं पोळं त्याच्या हाती देऊन तिने रेघेवरून बोट फिरवलं.

"काका, पडली होती का हो ही?"

"छे गं, पडेल कशी! एकदा राहवलं नाही, म्हणून वाजवायला घेतली. असा सूर लागला, की माझं भानच हरपलं. काटे कधी उभे राहिले कळलं नाही. तिला कवटाळायला गेलो आणि खांद्यावरचा एक काटा घुसला."

"आणि बाकीच्या सहा?"

"त्यांच्यावर एक तरी ओरखडा दाखव!" साळिंदर ऐटीत म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा हात सातवी परत घ्यायला पुढे झाला.

पण व्यवहार होऊन गेला होता. माकडीण वाजवतच टेकडी उतरली. सूर ऐकू येईनासा होईपर्यंत साळिंदर बिळाच्या तोंडाशी उभा राहिला.

मग आत जाऊन त्याने पहिली गिटार मांडीवर घेतली. बराच वेळ तो तिच्याकडे बघत बसला. शेवटी ती नीट पुसून त्याने पुन्हा खुंटीला लावली.