कडेपलीकडचा हात

"बाबा, रंधा मारला की कड सरळ येते. मग काचकागदानं घासली की मरते कशी?"

रेवण पांचाळनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दर्ग्यातले दावलबाबा समोरची फळी निरखत होते.

फकिरी घेण्याआधी बाबांनी चाळीस वर्षं सुतारकी केली होती. रेवणही सुतारच; त्याच्या दारांच्या चौकटी नळदुर्गापासून सोलापूरपर्यंत नावाजलेल्या. कुणाला काही विचारायचं त्याच्या जिवावर येई. पण दर्ग्यातल्या चादरींसाठी पेटी करताना त्याची दोन झाकणं वाया गेली होती. घासून झाल्यावर कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल. आता वडिलांनी राखून ठेवलेली सागाची एकच फळी उरली होती.

तो सांगू लागला, मी कागद ठोकळ्याला गुंडाळतो, हात हलका ठेवतो, घाई करत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"लाकूड कुठं संपतं?"

रेवणनं कडेवर बोट ठेवलं. "इथं."

"तुझ्या हाताला ते ठाऊक आहे?"

रेवणनं कडेवरचं बोट उचललं.

बाबा पुढं सरकले. त्यांनी आपला डावा तळहात कडेला असा भिडवला, की फळी संपे तिथं तळहात सुरू होई. उंची तंतोतंत एक.

"घास. मधे थांबू नकोस."

भर दुपार होती. लिंबावरचे होले घुमायचे अचानक थांबले. रेवणनं पहिला हात आखडता मारला. बाबांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या वेळी ठोकळा लाकडावरून सरळ तळहातावर गेला आणि परत आला.

रेवणनं कान देऊन ऐकलं.

आवाज बदलला नव्हता. लाकडावर जसा, तसाच कातडीवर. दोन्हीकडून भुसा पडत होता, एकाच रंगाचा. सागाचा वास येत होता. त्याला थांबायचं होतं, पण हात थांबेना...

शेवटी बाबांनीच तळहात काढून घेतला.

रेवणनं गुण्या लावून पाहिला. फटीतून केसाएवढाही उजेड येत नव्हता. कडेवरून बोट फिरवलं, तर ती बोटाला लागली. अशी कड त्यानं वडिलांच्या कामातही पाहिली नव्हती.

मग एकदम भानावर येऊन त्यानं बाबांचा हात धरला आणि उलटा करून पाहिला.

रक्त नव्हतं. रेषाही नव्हत्या. एकही नाही. रंधून काढलेल्या फळीसारखा कोरा तळहात.

"बाबा, रेषा...?"

"पुष्कळ जण शिकायला आले."

रेवणनं हात हळूच सोडला. अजून तीन कडा बाकी होत्या. बाबा पुढच्या कडेशी जाऊन बसले आणि त्यांनी उजवा तळहात पुढं केला. त्यावर एकच आखूड रेषा उरली होती.

रेवणनं फळी मागं ओढली.

"नको बाबा. हा हात नको."

बाबांनी पुढं केलेला हात मागं घेतला. लिंबाचं पानही हलत नव्हतं...

"मग तुझा लाव."