भातातली रेघ

एकदा एका तरुण आईची झोप एका वजनकाट्याने उडवली.

त्या सकाळी ती मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती. मुलगी पाच वर्षांची, मोठ्या शिशुवर्गात जाणारी. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, जुना कागद पाहिला आणि विचारलं, "ही नीट जेवते ना?" मागच्या खेपेपेक्षा मुलगी हलकी भरली होती. मग कुणी सांगितलेलं नसताना, केवळ दुर्बुद्धी सुचली म्हणून, आई स्वतः त्या काट्यावर चढली. ती मागच्या खेपेपेक्षा जड भरली.

रात्री अंथरुणावर तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. घरातलं वजन घरातच आहे. फक्त ते मुलीच्या अंगावरून उतरून आपल्या अंगावर चढतं आहे. असं काही नसतं, आपण शिकलेल्या आहोत, हे तिने स्वतःला दोनतीनदा बजावलं. पटलंही. झोप मात्र आली नाही.

यातली चमत्कारिक गोष्ट अशी की गेले काही महिने ती मोजून आलेलं जेवण जेवत होती.

ते असं झालं होतं. नात्यातल्या एका मुंजीत पंगत बसलेली असताना चुलतसासूबाईंनी तिच्याकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं होतं, "काय गं, पहिल्याचं उतरलं नाही तोच दुसऱ्याचं चढलं की काय?" बायका हसल्या. तीही हसली; किंबहुना सगळ्यांत आधी तीच हसली. घरी आल्यावर तिने शहरातल्या एका कंपनीचे डबे सुरू केले. दुपारचा एक, रात्रीचा एक. सीलबंद, पातळ झाकणाचे. झाकणावर उष्मांकांचा आकडा छापलेला. झाकण सोलायचं, गरम करायचं, खायचं. विचार करायचा नाही, हेच त्यातलं मोठं सुख होतं. मुलीने काय खाल्लं, किती खाल्लं, का नाही खाल्लं, याचा दिवसभर विचार करून थकलेल्या बाईला, निदान आपल्या पोटाचा विचार परस्पर कुणीतरी करतं आहे याचं किती बरं वाटतं, हे त्या वाटेने गेलेल्यांनाच ठाऊक.

पहिला महिना वजन उतरलं. तिने चार जणींना कंपनीचं नावही सुचवलं. मग ते थांबलं. मग, पाहुणा निरोप घेऊन गेला आणि विसरलेली छत्री न्यायला परत आला, तसं ते हळूच परत आलं आणि बसलं.

आता पुढचे तीन महिने डबे चालू ठेवायचे का, असा कंपनीचा निरोप आला होता. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुला बरं वाटत असेल तर ठेव." ते आपल्याला बरं वाटतं की नाही, हेच तर तिला कळत नव्हतं.

त्या गावात संस्कृतचे एक वृद्ध अध्यापक राहत. कॉलेजात ती त्यांची विद्यार्थिनी होती, आणि अजूनही अधूनमधून एखादा श्लोक अडला की त्यांच्याकडे जाई. पत्नी गेल्यापासून गुरुजी आपला स्वयंपाक आपणच करीत. या विषयातलं त्यांना काही कळत असेल असं नव्हे; पण त्यांच्यासमोर मूर्ख ठरण्याची तिला विद्यार्थिदशेपासून सवय होती, आणि ते या वेळी सोयीचं होतं.

"गुरुजी, एक विचारायचंय. तुम्हाला हसू येईल."

"येऊ दे. बऱ्याच दिवसांत आलेलं नाही."

तिने सगळं सांगितलं. चुलतसासूबाईंचा भाग वगळायचा असं ठरवून गेली होती, तोही सांगितला. मुलीचंही सांगितलं. ताटात निम्मं टाकते, शाळेचा डबा निम्मा परत आणते. धाक दाखवला, गोष्टी सांगितल्या, तूप वाढवून पाहिलं. "तिला जेवायला घालता येत नाही आणि मला जेवण सोडता येत नाही. असे डबे घेऊन खरंच वजन आटोक्यात राहतं का हो? घेऊ की बंद करू?"

गुरुजींना हसू आलं नाही. ते म्हणाले, "उद्या रविवार. दोघी माझ्याकडे जेवायला या. तुझा डबाही बरोबर आण."

"तुमच्याकडे जेवायला यायचं, आणि डबा घेऊन?"

"पाहुण्याने आपलं अन्न घेऊन येणं यजमानाला सोयीचंच असतं."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वरणभात केला होता, दोडक्याची भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी. स्वयंपाकघरातच तीन पाट मांडलेले. दोन ताटं वाढलेली. तिसऱ्या पाटासमोर जागा मोकळी. आईने तिथे आपला डबा ठेवला आणि झाकण सोललं. वरणावर गुरुजींनी सोडलेल्या तुपाचा वास आला, तेव्हा तिने झाकणावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

जेवणाआधी गुरुजींनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि भाताची थोडी शितं ताटाबाहेर मांडली. मुलगी वाकून पाहत होती.

"आजोबा, सांडलं?"

"सांडलं नाही. ठेवलं."

"कुणासाठी?"

"ज्यांना भूक असते पण मागता येत नाही, त्यांच्यासाठी."

मुलीने मान डोलावली, जणू हे तिला आधीपासून ठाऊक होतं. मग तिने आपल्या भातात बोटाने मधोमध एक रेघ ओढली.

"भाताशी खेळायचं नाही," आई म्हणाली. "आजोबा काय म्हणतील? मोठा घास घे."

"घेतलाय."

"हा मोठा? चिमणीसुद्धा याहून मोठा घेते."

मुलगी रेघेच्या अलीकडचं जेवली. भराभर जेवली. मग तिने आईच्या डब्याकडे पाहिलं आणि हात आखडता घेतला.

"पोट भरलं."

"इतक्यात? अगं, निम्मं तरी..." पण निम्मं झालेलंच होतं.

"भरलं," असं म्हणून ती हात धुवायला गेली.

आईचा डबा केव्हाच रिकामा झाला होता. प्रथिनं किती आणि तंतू किती, हे ती गुरुजींना समजावून सांगत होती. बोलता बोलता तिने मुलीचं ताट पुढ्यात ओढलं, उरलेला भात कालवला आणि बोलतच खाऊन टाकला. भाजी संपवली. चटणी बोटाने निपटली. अन्न टाकू नये, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. त्यासाठी तिने हाताकडे पाहण्याची गरज नव्हती. गुरुजी मात्र पाहत होते.

मग ते उठले. त्यांनी एक धुतलेलं ताट घेतलं, त्यात पहिल्याइतकाच भात वाढला, तितकंच वरण, तितकीच भाजी-चटणी, आणि मुलीला हाक मारली. "ये गं. मागच्या पडवीत बसून जेव. इथून आईला तू दिसणार नाहीस, आणि तुला आई दिसणार नाही."

"गुरुजी, ती आत्ताच उठली," आई म्हणाली. "बळजबरी केली की ओकते ती."

"बळजबरी कोण करतंय? ताट ठेवतोय फक्त."

त्यांनी ताट ठेवलं, मधलं दार ओढून घेतलं आणि आपल्या पाटावर येऊन ताक पिऊ लागले. आईला वाईट वाटलं. जेवून उठलेल्या मुलाला कुणी लगेच दुसरं ताट वाढतं का? विसरले असतील. ज्या माणसाकडे आपण वर्षानुवर्षं उत्तरं मागायला आलो, त्याचं वय झालं. आता आपण कुठे जायचं? तिने रिकाम्या डब्याचं झाकण परत बसवायचा प्रयत्न केला. ते बसत नव्हतं.

काही वेळाने गुरुजी पडवीतून ताट घेऊन आले आणि तिच्यासमोर ठेवलं. ताट रिकामं होतं. चटणी निपटलेली. वरणाचा ओघळसुद्धा राहिला नव्हता.

आईने ते ताट जवळ ओढलं.

"तिला भूक होती," ती म्हणाली.

"होती."

"रोज असते?"

"असावी."

"मग माझ्यासमोर ती जेवत नाही. माझ्यामुळे जेवत नाही." त्या रात्री जी भीती तिने असं काही नसतं म्हणून बाजूला सारली होती, ती आता ताट होऊन तिच्यासमोर होती.

गुरुजी सावकाश बोलू लागले.

"डब्याला दोष देऊ नकोस. झाकणावर लिहिलेलं असतं तेच आत असतं. तो खोटं बोलत नाही. कुणाला काही काळ, डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्याचा आधार होतही असेल. पण तू काय खावंस एवढंच त्याला ठाऊक आहे. तू कुणाशेजारी बसून खातेस, हे त्याला ठाऊक नाही. डबा संपला की तुझ्या लेखी तुझं जेवण झालं. त्यानंतर मुलीच्या ताटातलं खातेस, त्याला तू जेवण म्हणतच नाहीस, ती आवराआवर. म्हणून त्याचा आकडा कुठल्याही झाकणावर नाही. मुलगी टाकते म्हणून तू तिला जास्त वाढतेस. जास्त वाढलेलं उरतं, ते तू संपवतेस. अंग जड झालं की आणखी डबे मागवतेस. यात डबा काय करील? वजन आवरायचं तर रोज आपल्या भुकेकडे पाहावं लागतं. ते काम कंटाळवाणं आहे, म्हणून आपण ते दुसऱ्यावर सोपवतो. आणि पाहणं एकदा सोपवलं की आपलीच भूक दिसेनाशी होते असं नाही, शेजारच्याचीही होते."

नुसतं ऐकून घ्यायचं हे आईला कधी जमत नसे. त्या दिवशी जमलं.

"पण ती असं का करते?" तिने विचारलं.

"ते मला कसं ठाऊक असणार? जिला ठाऊक आहे ती मागे पेरूच्या झाडाखाली उभी आहे. पण तिला विचारू नकोस. तू विचारलंस की ती तुला हवं ते उत्तर देईल, मुलं देतात. उठण्याआधी ती कुठे पाहते, ते कधी पाहिलं आहेस?"

तिने पाहिलं नव्हतं. ती झाकण वाचत होती.

घरी येताना मुलगी पुढे उड्या मारत चालली होती. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. गेल्या वर्षीचा फ्रॉक. तो यंदा घट्ट व्हायला हवा होता. हे आपल्याला रोज कपडे घालताना दिसलं कसं नाही? मुलीचं पोट भरत नाही म्हणून रात्र रात्र जागणारी आपण, आणि तिची भूक ओळखली ती तिला जेमतेम दोनदा भेटलेल्या म्हाताऱ्याने. आपल्याला आई व्हायला कुणी परवानगी दिली, असा प्रश्न तिला पडला. गुरुजींच्या बोलण्याने मन हलकं होईल अशी तिची कल्पना होती. तसं काही झालं नाही.

संध्याकाळी तिने कुकर लावला. रात्रीचा डबा फ्रिजमध्येच राहू दिला. नवरा उशिरा येणार होता. तिने दोन ताटं घेतली आणि दोन्हींत सारखंच वाढलं: भाताची लहानशी मूद, वरण, थोडी भाजी. मुलीला एवढंसं वाढताना तिचा हात आपोआप पुन्हा भाताकडे वळला. तो तिने मागे घेतला. स्वतःच्या ताटातल्या भाताकडे पाहून तर तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

मुलगी येऊन बसली. तिने आईचं ताट पाहिलं, मग फ्रिजकडे पाहिलं.

"तुझा डबा?"

"आज नाही खाणार."

"संपले डबे?"

"आहेत. पण आज मी हेच जेवणार आहे. तुझ्याबरोबर."

मुलीने यावर थोडा विचार केला. मग तिने भातात बोट घातलं आणि मधोमध रेघ ओढली. भाताशी खेळायचं नाही, हे शब्द आईच्या ओठांवर आले होते. ते तिने वरणभाताच्या घासाबरोबर गिळले.

दोघी जेवू लागल्या. मुलगी भराभर जेवली आणि रेघेपाशी येऊन थांबली, दुपारी थांबली होती तशीच. भरलं का, आणखी हवं का, निदान एक घास, असं सगळं आईला एकदम विचारावंसं वाटलं. काहीही न विचारता ती मुलीच्या डोळ्यांकडे पाहत राहिली.

मुलगी आईच्या ताटाकडे पाहत होती. तिथल्या भाताकडे. तिने तो नीट पाहिला, मग आपल्या ताटातल्या रेघेपलीकडच्या भाताकडे पाहिलं, आणि पुन्हा आईच्या ताटाकडे. शाळेतून रोज निम्मा परत येणारा डबा आईला आठवला; ओट्यापाशी उभ्या उभ्या ती तो संपवत असे, आणि त्या वेळी मुलगी दाराशी उभी राहून तिच्याकडे बघत असे.

"आई," मुलगी म्हणाली, "मग आज तुझ्या बाजूचा भात मी खाल्ला तर चालेल?"