काट्याची पहिली खूण

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या गोठ्याशेजारी खव्याची भट्टी टाकली. शेण घरचं, त्यामुळे गॅसही घरचा. भिंतीवरून आलेल्या गॅसच्या नळीवर त्याने एक दाबमापक बसवून घेतला होता. ताटाएवढी पितळी तबकडी, शून्य ते दहा किलोपर्यंतचे आकडे आणि लाल काटा. पाहुणा आला की शेठ आधी तबकडी दाखवी, मग खवा चाखायला देई.

भट्टीवर हौसाबाई होत्या. त्या कधीपासून सांगत होत्या, "शेठ, ज्योत बर्नर सोडून वर उडते, फरफरते नि विझते. मग वास सुटतो."

शेठ तबकडीकडे बोट दाखवी. "काटा शून्यावर आहे, बाई. दाबच नाही तर ज्योत उडेल कशी? तुमचंच लक्ष नसतं."

मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. भिंतीवर काटा लावला, की समोरच्या माणसाकडे बघायची गरज उरत नाही.

अखेर एका सकाळी ज्योत विझली, साचलेला गॅस काडीसरशी भडकला आणि हौसाबाईंची भुवई जळाली. हातही पोळला. शेठने दुखण्यावर लावायला मलम दिलं आणि म्हणाला, "उद्यापासून दुसरी बाई बघतो. तुमच्याच्यानं होत नाही आता."

गावात यंत्रं दुरुस्त करणारे एक वृद्ध मास्तर होते. कॉलेज अर्ध्यात सोडलेला, तोंडाचा फटकळ असा एक शिष्य त्यांच्या हाताखाली होता. शेठने त्यांना बोलावलं ते शेगडी तपासायला नव्हे, तर नव्या बाईला काटा वाचायला शिकवायला. ती अजून यायची होती; पोळलेल्या हाताने हौसाबाईच भट्टीवर होत्या.

शिष्य आत शिरला आणि थेट शेगडीपाशी जाऊन वाकला. मग नळीपाशी गेला. परत शेगडीपाशी आला. त्याला एका जागी उभं राहवेना.

"मास्तर, शेगडीच्या पाटीवर लिहिलंय, चार इंच पाणी. म्हणजे पाणी चार इंच वर ढकलेल एवढाच दाब हिला हवा. दहा सेंटीमीटर. आणि ही तबकडी किलोत मोजते. एक किलो म्हणजे दहा मीटर पाणी, तीन मजली घराएवढं. हिची पहिली खूणच किलोच्या पाचव्या भागावर, म्हणजे दोन मीटरवर आहे. खालचं हिला काही दिसतच नाही."

"कॉलेज पुरं केलं असतंस तर ऐकून घेतलं असतं," शेठ म्हणाला.

"मास्तर, तुम्ही बोला ना."

मास्तरांनी गॅसची चावी बंद केली, तबकडी काढली, तिच्या तोंडाला रबरी नळीचा तुकडा बसवला आणि तो शेठपुढे धरला.

"फुंका."

"मी?"

"जोरात."

शेठ फुंकू लागला. गाल फुगले, मानेची शीर उठली, चेहरा लालबुंद झाला. काटा हलला नाही.

"शेठ, फुंका म्हटलं ना."

"अहो, जीव जायची वेळ आली फुंकून."

"काटा शून्यावर आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "तुमचंच लक्ष नसेल."

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग मास्तरांनी पिशवीतून एक पारदर्शक नळी काढली, ती झोक्यासारखी वाकवून फळीवर बांधली, तीत पाणी भरलं आणि एक टोक गॅसला जोडलं. चावी सोडताच एका बाजूचं पाणी खाली दबलं, दुसऱ्या बाजूचं वर चढलं. शिष्याने दोन्ही पातळ्यांमधलं अंतर मोजलं.

"साठ सेंटीमीटर. जवळजवळ चोवीस इंच. लागतात फक्त चार."

कारण बाहेरच सापडलं. जादा गॅस सुटून जावा म्हणून एक नळी पाण्याच्या उंच डब्यात बुडवून ठेवलेली असते. ती जितकी खोल बुडेल, तितका दाब आत कोंडतो. बुडबुडे येतात म्हणजे गॅस फुकट जातो, असं वाटून शेठने डबा काठोकाठ भरला होता.

डब्यातलं पाणी उपसता उपसता मास्तर म्हणाले, "काटा असत्य बोलत नाही, शेठ. तो प्रचंड दाबासाठी घडवलेला आहे. दोन मीटरांच्या खाली जे काही घडतं, ते त्याच्या लेखी घडतच नाही. तुम्ही आत्ता जीव खाऊन फुंकलंत आणि समोर शून्य पाहिलंत. ही बाई इतके दिवस तेच पाहत होती."

बोलणं इथे संपलं असतं. पण शिष्याला चैन पडेना.

"मास्तर, ही तबकडी बसवली कोणी?"

मास्तरांचा हात थांबला. "मी. तेव्हाही पाण्याचीच नळी आणली होती. शेठ म्हणाले, भिंतीला सलाईन लावल्यासारखं दिसतं, काहीतरी भारदस्त द्या. मला वाद नको होता."

"भुवई तुमची नव्हती म्हणून."

शेठने डोळे वटारले. मास्तर मात्र म्हणाले, "नव्हती. खरं आहे." आणि पुन्हा पाणी उपसू लागले.

दारं-खिडक्या उघडून भट्टीत वारा खेळवला. फळीवरच्या नळीतला फरक चार इंचांवर आला. मास्तरांनी काडीपेटी हौसाबाईंपुढे केली. त्यांनी ती घेतली आणि शेठच्या हातात दिली.

"आज तुम्ही पेटवा."

शेठने काडी ओढली. मान मागे घेऊन ती बर्नरपाशी नेली. ज्योत निळी लागली आणि बर्नरवर बसून राहिली. हौसाबाईंनी कढई चढवली. शेठ, भिंतीकडे न बघता, त्यांना म्हणाला, "उद्या जरा लवकर या. दूध जास्त आहे."

शिष्याने तबकडी उचलून कोपऱ्यात उलटी ठेवली.

ज्या वडीलधाऱ्यांना लहानांचं दुखणं शून्य दिसतं, त्यांनी आपल्या काट्याची पहिली खूण कुठे आहे, तेवढं आधी पाहून घ्यावं.